मागचं डावं टायर

अमळनेरला टायरच्या दुकानातल्या बाकावर माझ्या शेजारी एक सासरे आणि त्यांची सून बसली होती. समोर त्यांची फोर-व्हील पिकअप जॅकवर चढवलेली.

"पुनम, मागचं डावं टायर पार गुळगुळीत झालं. उजवं तर नवं शे. तू वळणावर गाडी दाबतेस. उद्यापासून ड्रायव्हर ठेवू."

"आबा, केळीचे घड आपण कुठल्या बाजूला रचतो?"

"डाव्या."

"बठ्ठे? एकूणएक?"

"बठ्ठे. उजवीकडे मी बसतो ना."

"मागे कशाला बसता?"

"सुनेच्या शेजारी सासरा बसतो का? गाव काय म्हणेल?"

"गावाचं माहीत नाही. सासूबाई म्हणतात, घड ताडपत्रीखाली सावलीत आणि आबा उन्हात."

"तिला काय, ती बोलणारच."

"ड्रायव्हर ठेवला तर त्याच्याजवळ बसाल?"

"त्याच्याजवळ बसेन."

"मग माझ्याजवळ बसा. घड दोन्हीकडे रचू. टायर सारखेच झिजतील."



नवं टायर बसलं. पुनम गाडीत चढली. आबांनी सवयीने मागच्या फळीला हात घातला, तिथेच जरा थांबले, आणि वळसा घालून पुढचं दार उघडलं.

"पुनम, हा पट्टा कुठे अडकवतात, दाखव."