चाळीस दिवसांचं पाणी

...पण घाई कुणाला होती हो? मला तर नव्हती! एक्याऐंशी वर्षांचा माणूस मी, जन्मभर समुद्रात खायचं शेवाळ पिकवलं, ते काय ओढून लवकर वाढतं? पण नाही, घाई चिझुरुला!

चिझुरु म्हणजे विद्यापीठातली पोर. आमच्या खाडीवरच्या बंद शाळेत यंत्र मांडून बसते आणि त्या त्सुनामीच्या मोठ्या लाटेचं पाणी यंत्रात पुन्हा आणते. "आजोबा, पाणी म्हणजे दहा कोटी मणी समजा. प्रत्येक मणी शेजाऱ्यांना विचारतो, मला किती ढकलताय? मग पुढे सरकतो." म्हटलं, हे तर आमचं गावच की! इथे शेजाऱ्याला विचारल्याशिवाय कुणी शिंकत नाही.

तुम्हाला सांगतो, आमच्या किनाऱ्याची जुनी शिकवण आहे. जमीन हादरली की ज्याने त्याने डोंगर गाठायचा. आईने लेकरासाठी थांबायचं नाही, नवऱ्याने बायकोसाठी नाही. वर भेटायचं. मी न्हाव्याकडे होतो, अर्धी दाढी झालेली, तसाच चढलो. शिकवण पाळली! आणि माझी बायको, तोकिए, खाली, शेवाळ उकळायच्या शेडमध्ये... कंबर दुखरी तिची. ती काही वर भेटली नाही.

म्हणून चिझुरुला एवढंच विचारलं, मी उलट खाली उतरलो असतो, तिचा हात धरला असता, तर दोघं डोंगरावरच्या देवळाच्या पायऱ्यांपर्यंत पोचलो असतो का?

"चाळीस दिवस लागतील, आजोबा."

लागू देत! मला काही घाई नव्हती. रोज तिच्यासाठी सुकी माकूळ-मासळी घेऊन जायचो, रोज विचारायचो, "पोचलो का गं?" "अजून बर्फाच्या कारखान्यापाशी आहात." इतकं बरं वाटायचं म्हणून सांगू!

आणि सव्विसाव्या दिवशी ही नाचतच आली. "आजोबा, नवी कार्डं मिळाली, नवं यंत्र जोडलं!" कसली, तर पोरं ज्यावर राक्षस मारायचे खेळ खेळतात, तसली! "आतापर्यंत एकटी बाई शेवाळाचे देठ सोलत होती समजा, आता हजारो बाया एकदम बसल्या. सगळे मणी एकाच वेळी विचारणार!"

विचारलं हो त्यांनी. चहा निवायच्या आत उत्तर. पाणी आधी पोचतं.

म्हटलं, दाढीला गेलोच नसतो तर? पाणी आधी. माझा गुडघा धड असता तर? पाणी आधी. तिची कंबर? ...अहो, एका दुपारी एकोणीस वेळा! गणितात का होईना, एकोणीसही वेळा मी खाली उतरलो, आणि एकोणीसही वेळा दोघं बुडालो. वर ही पोर डोळे पुसत म्हणते, "म्हणजे तुमची चूक नव्हती, आजोबा!"

नव्हती ना? मग आता मी करू काय?

विचारलं, "पोरी, ते जुनं, चाळीस दिवसांचं यंत्र टाकलंस का?"

"कोपऱ्यात आहे. पण आजोबा, उत्तर तेच येणार."

"येईना का. लाव."

आज अकरावा दिवस. चिझुरु म्हणते, मी अजून उतारावरच आहे, आणि तोकिए... तोकिए आत्ता कुठे शेडबाहेर आलीय.