उलटं टांगलेलं छप्पर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आम्ही काढलेल्या प्रत्येक इमारतीच्या चित्राकडे बघून "हे उभं कसं राहणार?" असं गेली तीस वर्षं विचारत आलेले आदरणीय इंजिनिअरसाहेब, सत्कारमूर्ती, म्हणजे आमचे सर, सरांना आज चक्क वेळेवर घेऊन आलेल्या आम्हा सगळ्यांच्या वहिनी, मुलांच्या वाचनालयाच्या अध्यक्षाबाई, आणि समोर बसलेले माझे सहकारी, गवंडी, सुतार, मुकादम, सरांचे विद्यार्थी आणि स्नेही हो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. माझ्याआधीच्या वक्त्यांनाही पाचच दिली होती, ते आपण पाहिलंच.

त्यांनी सरांचे सगळे गुण सांगून टाकले, माझ्यासाठी काही शिल्लक ठेवलं नाही. म्हणून मी एक गोष्ट सांगते. तीही तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ऐकली आहे. ऑफिसात कुणी नवीन आलं की पहिल्याच आठवड्यात सर त्याला चहा पाजतात आणि सांगतात, "आमच्याकडे एक मुलगी होती. नोकरीला लागून जेमतेम चार महिने झालेले. तिला स्वतःची भली मोठी चूक दिसली आणि तिने त्याच क्षणी मला फोन केला. त्याच क्षणी!" इथे टेबलावर बोट आपटलं जातं. बघा, सगळे हसताय, म्हणजे ते बोट सगळ्यांनी पाहिलंय.

ती मुलगी मी. आणि उद्यापासून सर आपलं ऑफिस माझ्या हाती देताहेत. का, असं मी त्यांना परवा विचारलं. म्हणाले, "तू त्या दिवशी फोन केलास ना, तेव्हाच ठरवलं होतं." ते ऐकल्यापासून मला धड झोप नाही. कारण ती गोष्ट जरा दुरुस्त करायला हवी आहे.

सुरुवातीपासून सांगते. एकोणीस वर्षांपूर्वी वाचनालयाचं काम आलं. सरांच्या मनात एक छप्पर होतं. झाडांच्या बाजूला उंच, तोंड उघडलेलं, आणि रस्त्याच्या बाजूला उतरत उतरत जवळजवळ जमिनीला टेकलेलं. कासवाने मान वर काढावी तसं. मुलांनी झाडांकडे तोंड करून वाचावं, आणि दुपारचं ऊन व रस्त्याचा गोंगाट छपराच्या पाठीवर जावा, ही त्यामागची कल्पना. सरांनी ते किती वेळा काढलं असेल? पाकिटांच्या मागे काढलं, औषधाच्या चिठ्ठीवर काढलं, एकदा तर इंजिनिअरसाहेबांच्या आकडेमोडीच्या कागदावरच काढलं. साहेबांचं उत्तर ठरलेलं, "कागदावर काय हो, काहीही उभं राहतं!" सर वैतागायचे, पेन्सिल खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "आकार काढून येत नाही गं. तो सापडावा लागतो."

तो सापडला जेवणाच्या टेबलावर. वहिनींनी धुवायला म्हणून गळ्यातली साखळी काढून ठेवली होती. सर ती दोन बोटांमध्ये धरून लोंबकळवत बसले, पोळी गार होईपर्यंत. साखळी आपल्या वजनाने जो बाक घेते, त्यात नुसता ताण असतो. तोच बाक वरचा खाली केला की नुसता दाब. आणि काँक्रीट दाब कितीही सोसतं, ताणाला मात्र लगेच तडकतं. म्हणजे साखळी खाली लोंबकळून छपराला सांगते, बाबा रे, तू वर असा उभा राहा. दुसऱ्या दिवशी सरांनी ऑफिसच्या आढ्याला एक फळी टांगली आणि तिला बारीक साखळ्यांचं जाळं लावलं. एक कडी वाढव, दोन कड्या कमी कर, असं तीन आठवडे चाललं होतं. आम्ही सगळे वाकून, माना वाकड्या करून ते छप्पर खालून बघायचो. वहिनी, तुमची साखळी परत मिळाली का हो? ... नाही म्हणताहेत. सर, हे बरं नाही.

आता माझं काम. त्या जाळ्याचे सगळ्या बाजूंनी फोटो घ्यायचे आणि त्यावरून कॉम्प्युटरवर मॉडेल उभं करायचं. छप्पर उलटं टांगलेलं, म्हणून मी फोटो उलटे फिरवले. यात काय चुकलं? घरी गेल्यावर एखाद्या माणसाचा फोटो हातात घेऊन तो गोल फिरवून उलटा करून बघा. डोकं खाली जातं, बरोबर. पण त्याच वेळी डावीकडचा हात उजवीकडे जातो. माझं छप्पर तसंच सुलटं झालं, आणि डाव्याचं उजवंही झालं. उंच तोंड रस्त्याकडे आलं, पाठ झाडांकडे गेली.

कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? अहो, पडद्यावर ना रस्ता होता, ना झाड, ना ऊन. काळ्या पडद्यावर एक सुंदर आकार गरगर फिरत होता. सरांनी माउस हातात घेऊन तो चारदा फिरवला आणि टाळ्या वाजवल्या. साहेबांनी आकडे तपासले, ते चोख होते, कारण डाव्याचं उजवं केल्याने वजनाला काही फरक पडत नाही. पायाच्या नकाशात तर नुसते खड्डेच दिसतात. सरांनी सही केली, आणि खोदाई सुरू झाली.

खोदाई संपली त्या सकाळी मी जागेवर गेले. छपराच्या उंच बाजूला दोन जाड पाय होते, म्हणून तिथे दोन मोठे खड्डे हवे होते, झाडांजवळ. ते रस्त्याजवळ होते. मी हातातला नकाशा फिरवला. मग स्वतः फिरले. खड्डे काही हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला काँक्रीटची गाडी येणार होती.

सरांच्या गोष्टीत मी इथे फोन करते.

सर, तेव्हा नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. तुम्हाला माझा फोन आला चार वाजता.

मधले सात तास मी काय करत होते? मी विचार करत होते, की हे लपेल का. आणि खरं सांगते, लपण्यासारखं होतं. छप्पर उभं राहिलं असतं. आकार तोच होता, तितकाच देखणा. उलट रस्त्यावरून जास्त उठून दिसलं असतं, लोकांनी वाहवाच केली असती. मुकादमांनी विचारलं, "बाई, बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, ऊन लागलं. बारा वाजता तर सरांचाच फोन आला होता. "काय गं, सगळं ठीक?" मी म्हटलं, "हो सर, ठीक." सर, तुम्हाला तो फोन आठवत नसेल. मला त्यातला एक शब्दही विसरता आलेला नाही. माझी नोकरी नवी होती, घरी तीन वर्षांची मुलगी होती, नवऱ्याचं काम सुटलेलं होतं. हे कारण म्हणून सांगत नाही. तेव्हा डोक्यात काय होतं, तेवढंच सांगते.

चारच्या सुमाराला मी फिरत फिरत, जमिनीवर सुतळी ताणून केलेल्या आखणीत आले. जिथे मुलांची बाकं येणार होती, नेमकी तिथे, मुलं बसली असती तशी रस्त्याकडे तोंड करून टेकले आणि नकाशा उघडला. मला एक रेघ दिसेना. समोरून ऊन थेट डोळ्यांत येत होतं आणि कागद नुसता पांढरा झाला होता. मी हात कपाळावर धरला, तरी दिसेना. माझी पोर इथे पुस्तक घेऊन बसेल आणि डोळे बारीक करून म्हणेल, आई, दिसत नाही, एवढंच माझ्या मनात आलं. मग फोन लावला. मी रडत होते. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "अजून मातीच आहे ना? काँक्रीट नाही ना? मग रडतेस कशाला?"

अशा कार्यक्रमांमध्ये चुकीतून काहीतरी अवचित सुंदर निघालं, असं सांगायची पद्धत आहे. आमच्या चुकीतून फक्त माती निघाली. ती परत भरावी लागली. कॉम्प्युटरवर ती चूक सुधारायला मला एक बटण दाबावं लागलं, जमिनीवर अकरा माणसांना पाच दिवस लागले. अध्यक्षाबाईंच्या समितीपुढे सर म्हणाले, "नकाशावर सही माझी आहे, चूकही माझीच." माझं नावही त्यांनी घेतलं नाही. तेव्हापासून आपल्या ऑफिसात प्रत्येक मॉडेलला, मग ते पुठ्ठ्याचं असो, मातीचं असो की पडद्यावरचं, ऊन येतं त्या बाजूला लाल दोरा असतो. नवीन मुलं विचारतात, हा कशाला? तो माझ्यामुळे आहे.

आणि मग छपराखालचे सेंट्रिंगचे टेकू काढले तो दिवस! छप्पर आठ मिलिमीटर खाली बसलं आणि थांबलं. साहेबांनी मोजपट्टी खिशात घातली आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, "उभं आहे." आम्ही सगळे खाली मातीतच बसलो होतो, इतका जीव भांड्यात पडला होता. आज हे सांगून टाकल्यावर मला अगदी तसंच वाटतंय.

आयोजकांचे आभार. वहिनींचे आभार, साखळीसाठी. सरांचे आभार मानायला मला शब्द जुळवता येत नाहीत, म्हणून मानत नाही. बोलताना काही कमीजास्त झालं असेल तर आपण मोठ्या मनाने पोटात घालाल, याची खात्री आहे. सर, तुमच्याकडे मात्र त्या सात तासांची माफी मागते. आणि हे ऐकल्यावर ऑफिसबद्दल तुमचं मन बदललं, तर मी अजिबात वाईट वाटून घेणार नाही. म्हणजे, वाईट वाटेल. पण तक्रार करणार नाही.

काय म्हणालात, सर? माईक द्या हो कुणीतरी त्यांना. नको? बरं, मीच सांगते, मागच्यांना ऐकू गेलं नसेल.

सर म्हणताहेत, "उद्या नऊला ये. चारला नको."

येते, सर. धन्यवाद.