श्रावणातलं लोकेशन

सासूबाईंना मोबाइल शिकवायचाच असेल, तर एवढं ऐका, श्रावण संपल्यावर शिकवा.

लग्नानंतर आम्ही दोघं गाडीवरून बाहेर पडलो की आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, सारखा फोन यायचा, "पोचलासा का?" शेवटी मीच घरातल्या चौघांचं लोकेशन एकमेकांना दिसेल असं करून दिलं आणि आईंना ते बघायला शिकवलं. फोन थांबले.

मग श्रावण लागला आणि घरात मटण बंद झालं. आठवडाभरातच नवरा म्हणाला, "चपला बघायला जातोय म्हणून सांगू. तांबडा-पांढरा रस्सा खाऊन येऊ." सासरचा माझा पहिलाच श्रावण, तरी गेले.

गावाबाहेरच्या खानावळीत ताटं आली आणि माझं लक्ष कोपऱ्यात गेलं. आण्णा, म्हणजे माझे सासरे, पांढऱ्या रश्शाची वाटी तोंडाला लावून बसले होते. मी मोबाइल बघितला. त्यात आण्णा घरातच होते.

"फोन चार्जिंगला लावून आलोय की," आण्णा म्हणाले. "तुमी दोघं घेऊन आलायसा व्हय? कसलं शिकलायसा रं!"

तेवढ्यात आईंचा फोन आला. आण्णा हातानंच खुणावू लागले, मी इथं न्हाय म्हणून सांग.

"चपलांचं दुकान तिकडं कधी गेलं गं?" आईंनी विचारलं.

मी ताट जरा लांब सरकवलं.

"बरं, जेवा आता. कोपऱ्यात तुझं सासरं बसलं असतील, दर श्रावणात तिथंच बसत्यात. त्यांना म्हणावं, चार्जिंग फुल झालंय, या आता."