लाँड्रीतली ताई

आजोबा : डोळे मिटा आधी. उघड्या डोळ्यांना ही लाँड्री दिसायची नाही.

धाकटा : मिटले.

थोरली : एक उघडा आहे याचा.

आजोबा : असू दे, एका डोळ्याने बघेल. आता समजा, तुम्ही एका मोठ्या खोलीत उभे आहात. जिकडे तिकडे वाफ. हॉटेलांच्या चादरींचे ढीग. मधोमध दोन गरम रूळ गरगर फिरताहेत. एक बाई ओली चादर त्यांच्या तोंडाशी धरते आणि पलीकडून ती इस्त्री होऊन, कडक होऊन येते.

धाकटा : आणि हात आत गेला तर?

आजोबा : म्हणून रुळांपुढे एक दांडी असते. तिला हात लागला की यंत्र थांबतं. पण ते सारखं थांबायचं, काम तुंबायचं. मग मालकाने ती दांडी फडक्याने वर बांधून टाकली.

थोरली : म्हणजे हात गेला.

आजोबा : उजव्या हाताची तीन बोटं गेली. मालकाने तिला आपल्या गाडीत घालून दवाखान्यात नेलं. गाडीची सीट खराब झाली, त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

थोरली : मग चांगलाच होता की.

आजोबा : गोड होता. बाईला ताई म्हणायचा. तिची मुलगी, साधारण तुझ्याएवढी, त्याला मामा म्हणायची. पगाराच्या दिवशी बाकीच्या बायका कागदावर सही करायच्या, ही नाही. 'मी काय परकी आहे सही करायला?' असं वर मिरवायची. मामा हसून पैसे तिच्या हातावर ठेवायचा.

धाकटा : सही नाही केली तर काय होतं?

आजोबा : ते तिला उशिरा कळलं. काम करताना इजा झाली तर मालकाने भरपाई द्यायची असते. तो उपकार नव्हे, हक्क असतो. मामाने काही दिवस फळं पाठवली, मग तीही बंद. पुन्हा कामावर येऊ का, असं तिने विचारलं, तर म्हणाला, या हाताने काय करणार ताई? शेवटी तिने भरपाईसाठी अर्ज केला. तेव्हा मात्र मामाच्या मनाला फार लागलं. घरच्या घरात कसले अर्ज, म्हणाला.

थोरली : त्याच्या मनाला लागलं?

आजोबा : अशांची मनं नाजूक असतात. तर भरपाई ठरवणाऱ्या साहेबांनी दोघांना बोलावलं. ठरायचं एवढंच होतं, बाई त्याच्याकडे नोकरीला होती की नव्हती. पगाराच्या कागदावर तर तिची सही कुठेच नव्हती. होती, तर भरपाई. नव्हती, तर आली तशी परत. मामा हात जोडून म्हणाला, ही नोकर कुठली, मानलेली बहीण माझी. हौसेने मदतीला यायची, मी भावाच्या नात्याने घरखर्चाला द्यायचो.

धाकटा : खोटारडा.

थोरली : पण बाकीच्या बायकांनी पाहिलं होतं ना?

आजोबा : प्रत्येकीला नेमकं त्याच दिवशी काहीतरी काम निघालं. पोट त्यांनाही असतं गं.

थोरली : आणि बाई स्वतः?

आजोबा : 'मी याची बहीण नाही' हे तिच्या तोंडून निघेना. मग मामानेच आईबरोबर आलेल्या मुलीला पुढे घेतलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला. 'सांग बाळ, मी तुझा कोण?'

धाकटा : गप्प बस म्हणावं तिला.

आजोबा : ती म्हणाली, 'मामा.'

(दोघंही डोळे उघडतात.)

थोरली : असं कसं म्हणाली? गेलं ना सगळं.

आजोबा : मामालाही तसंच वाटलं. पण तिचं बोलणं संपलं नव्हतं. 'मामा, आईला आता माझी वेणीसुद्धा घालता येत नाही. मग आम्ही तुमच्याकडेच राहायला येऊ? आजच येतो.'

धाकटा : मग?

आजोबा : मामाने रुमालाने मान पुसली. तसं नव्हे बाळ, म्हणाला, हे नातं जरा निराळं. साहेबांचं लिहिणं थांबलं. 'निराळं म्हणजे कसं? बहीण असेल तर घरी न्या. कामगार असेल तर भरपाई द्या. काय लिहू?'

थोरली : काय म्हणाला?

आजोबा : खाली बघत म्हणाला, 'कामगार लिहा.'

धाकटा : जिंकली की मग.

आजोबा : जिंकली. आणि तिथेच रडायला लागली.

थोरली : जिंकून?

आजोबा : इतकी वर्षं ताई होती गं ती. पैसे वाचवायचे होते तेव्हा बहीण, घरात घ्यायची वेळ आली तेव्हा कामगार.

धाकटा : आणि ती मुलगी?

आजोबा : बाहेर आल्यावर मामाने काही झालंच नाही अशा थाटात गाडीचं दार उघडलं. चला, सोडतो, म्हणाला. आई सवयीने एक पाय आत टाकतच होती. मुलीने तिचा धड हात धरून तिला मागे ओढलं आणि म्हणाली, 'नको मालक. आम्ही चालत जाऊ.'