दारातल्या चपला

सिनेमा सुटल्यावर लिफ्टच्या रांगेत माझ्यापुढे एक साठीतलं जोडपं उभं होतं.

"नऊ वर्षं नुसती चुकामूक! त्या हिरोनं एकदा पत्ता नीट विचारला असता, तर मध्यंतराआधी सुटलो असतो."

"अहो, हे तुम्ही बोलताय? शनिवार पेठेत तिसऱ्या मजल्यावरच्या हेमाला बघायला आला होतात. बसलात दुसऱ्या मजल्यावर, आमच्याकडे."

"जिन्यात अंधार होता. आणि तुझ्या आईनं लगेच पोहे पुढे केले. खाल्ल्यावर नाही कसं म्हणणार?"

"मला बघायला येणारा मुलगा तो तुम्हीच, असं वाटलं तिला."

"तो आलाच नाही ना? यालाच नशीब म्हणतात."

"आला होता. दारात तुमच्या चपला बघून परत फिरला."

"कोण म्हणतं?"

"हेमा. जिन्यात भेटला तिला. तुमच्यासाठी केलेले पोहे तिनं त्यालाच दिले. सुखात आहेत दोघं."