राजाचा दात आणि जास्तीचा खड्डा

(यीन, तीन हजार वर्षांपूर्वीची राजधानी. राजवाड्यातली कौल लावायची खोली, दुपार. गुआन राजाचा कौल लावणारा. फेई त्याचा जावई, कासवाच्या कवचावर कौलाचे प्रश्न कोरणारा. सू गुआनची बायको.)

गुआन : आणि सकाळच्या प्रश्नात हा चौकोन कसला?

फेई : सूर्य आहे, मामा.

गुआन : सूर्य गोल असतो.

फेई : आभाळात. कवचावर सुरी वळत नाही.

गुआन : माझे आजोबा कुंचल्यानं काढायचे. गोल गरगरीत. आणि हा हत्ती शेपटीवर का उभा केलायस?

फेई : ओळ अरुंद आहे. आडवा मावत नाही.

गुआन : अजून दोन पिढ्यांनी याला हत्ती तरी कोण म्हणेल?

फेई : वाचणारे म्हणतील. सवय होते त्यांना.

गुआन : आणि इथे राजाची वारलेली आई हवी होती. तू नुसती बाई कोरलीस. छातीवर दोन टिंबं दिल्याशिवाय बाईची आई होत नाही, किती वेळा सांगायचं?

फेई : टिंबं देताना सुरी घसरते. आज जास्तच.

गुआन : राजाचा दात दुखतोय. कोणत्या पूर्वजाचा कोप झालाय ते संध्याकाळपर्यंत सांगायचंय. कवच पालथं कर, निखारा लावतो, भेगा पडल्या की कौल वाचू. थांब. हा खड्डा कसला?

फेई : तापवायला. बाकीचे आहेत तसाच.

गुआन : मी सांगितले त्यापेक्षा एक जास्त आहे.

फेई : दातासाठीच आहे.

गुआन : राजाला तेवढे दात राहिलेले नाहीत, जावईबापू.

फेई : मामा, लान पहाटेपासून अडलीय. सुईण बाहेर येऊन काही सांगत नाही.

गुआन : माझी मुलगी आहे ती. मला माहीत नाही असं वाटतं तुला?

फेई : म्हणूनच पाडला. तुम्ही विचाराल म्हणून.

गुआन : राजाच्या कवचावर घरचं विचारणाऱ्याचं काय होतं, ठाऊक आहे ना? पुढच्या पूजेला बळीच्या बोकडांच्या रांगेत उभं करतात. माझ्या हाताखालचा एक असाच गेला.

फेई : ठाऊक आहे. खड्डा पाडताना तेच डोक्यात होतं.

गुआन : आणि एवढं करून पाडलास तोही अर्धवट. उजवीकडे विचारायचं, ‘सुखरूप सुटेल’. डावीकडचा जोडीचा कुठाय? ‘सुटणार नाही’ हे कुठे विचारू?

फेई : ते मी विचारणार नाही.

गुआन : दोन्ही बाजूंनी विचारल्याशिवाय पूर्वज उत्तर देत नाहीत. राजालासुद्धा देत नाहीत.

फेई : नसेल द्यायचं तर नको देऊ देत. माझ्या हातानं तो खड्डा होणार नाही.

गुआन : दे इकडे ती सुरी.

फेई : मामा, तुम्ही कित्येक वर्षांत सुरी धरलेली नाही.

गुआन : कवच घट्ट धर. डावीकडचं मी करतो. तू तिकडे बघ.

फेई : आणि राजाच्या माणसांनी पाहिलं तर?

गुआन : दाताचं उत्तर मिळालं की कवच पुरायचंच आहे. पुरलेलं कोण उकरून वाचत बसणार आहे? निखाऱ्याला फुंकर घाल.

फेई : तडकलं. दोन्हीकडे तडकलं. काय म्हणतायत भेगा?

गुआन : थांब.

फेई : उजवीकडची चांगली आहे ना?

गुआन : डोळ्यांत धूर गेलाय, दिसत नाही. तोवर प्रश्न कोरायला घे. उजवीकडचा.

फेई : बाई कोरून झाली. पुढे हात चालत नाही, मामा.

गुआन : मग राहू दे. कोण आहे दारात? अगं, तू? पहारेकऱ्यानं तुला आत सोडलं कसं?

सू : त्याला म्हटलं, राजाच्या दातावर औषध आणलंय.

फेई : मामी, लान?

सू : मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. तुमची बायको भूक लागली म्हणून राळ्याची पेज पीत बसलीय. तुम्ही दोघं असे पांढरे का पडलात?

गुआन : धूर झालाय फार.

फेई : मामा, राणीला मुलगी झाली तेव्हा तुम्ही कोरायला लावलं होतंत, ‘शुभ नाही, मुलगी झाली’.

गुआन : ते राजाचं. त्याला हवं तसं लिहायचं.

फेई : मग इथे काय कोरू?

गुआन : काही नको. ती बाई कोरलीस ना, तिला तेवढी दोन टिंबं दे. सावकाश दे.