दजलेवरचा सराफिया पूल

शौकत : हळू चाल, बद्रिया. तीस वर्षांनी बगदादला आलोय. पूल डोळे भरून बघू तरी दे.

बद्रिया : बघ की. दजला नदी कुठे पळून जात नाही.

शौकत : लहानपणी रुळांवरून गाडी आली की अख्खा पूल थरथरायचा. तू बाबांच्या कोटात डोकं खुपसायचीस.

बद्रिया : मी? भोकाड तू पसरायचास! बाबा म्हणायचे, "लोखंडाला गुदगुल्या होतायत रे, रडतोस काय?"

शौकत : (हसून) खरंच की. पण हे कठडे तेव्हाचे नाहीत.

बद्रिया : मधला भागच तेव्हाचा नाही. ट्रकमधला बॉम्ब फुटला आणि सगळा नदीत गेला. दोन्ही काठांवर माणसं रडत उभी होती, घरातलं कुणी गेल्यासारखी.

शौकत : टीव्हीवर पाहिलं मी. स्वीडनमध्ये कुणाला सांगणार, माझं काय कोसळलं ते?

बद्रिया : शाळा या काठाला, घर त्या काठाला. पूल पुन्हा उभा राहीपर्यंत होडीनं शिकवायला जायची मी.

शौकत : म्हणून म्हणतो, पुरे झालं. आता आईही नाही. एकटी कशाला राहतेस? माझ्याबरोबर चल. सूनबाईनं खोलीसुद्धा लावून ठेवलीय.

बद्रिया : तेच बोलायला तुला इथे आणलं. होडीत आणखी एक मास्तर असायचे. मुवफ्फक. भूगोल शिकवायचे.

शौकत : बरं, मग?

बद्रिया : पूल झाला, तरी संध्याकाळी आम्ही होडीनंच यायचो.

शौकत : पूल असताना?

बद्रिया : हो. त्यांनी तेव्हाच विचारलं होतं. आई अंथरुणाला खिळलेली, मी नाही म्हटलं. परवा पुन्हा विचारलं.

शौकत : या वयात? लोक काय म्हणतील?

बद्रिया : म्हणतील, बाईला उशिरा अक्कल आली. पण माझ्या बाजूनं बोलायला घरचं माणूस हवं. बाबा नाहीत. तूच आहेस.

शौकत : आणि मी तुला न्यायला आलोय.

बद्रिया : माहीत आहे. म्हणून तर चार दिवस जीभ रेटली नाही.

शौकत : बरं, माणूस कसा आहे?

बद्रिया : मासा छान भाजतात. बडबड फार. पण आई गेली त्या दिवशी एक शब्द बोलले नाहीत. नुसते अंगणात बसून राहिले, सगळे गेल्यावरसुद्धा.

शौकत : आत्ता आहेत कुठे?

बद्रिया : ते काय, पुलाच्या टोकाला उभे आहेत. करड्या टोपीतले. म्हणाले, भावानं बोलावलं तरच पुढे येईन.

शौकत : कधीपासून उभे आहेत?

बद्रिया : आपण यायच्या आधीपासून.

शौकत : मग माझी कॉलर नीट कर आणि चल. मुलाकडच्यांना असं ताटकळत ठेवायचं नसतं.